एका ‘टेक ऑफ’वर पारखलेले चार इंग्रजी कोश

इंग्रजी कोश चांगला की वाईट हे पाहायला अवघड शब्द शोधू नका. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही कोश नीट सांगतो. कोशाचा कस लागतो तो ‘टेक’, ‘पुट’, ‘गेट’ असल्या रोजच्या शब्दांवर. त्यांच्या शेपटीला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ चिकटलं की तर विचारूच नका, चांगल्या चांगल्या कोशांची भंबेरी उडते. म्हणून इथे एकच नोंद घेतली आहे, ‘टेक ऑफ’. तिच्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड हे चार विद्यार्थी-कोश, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश, तपासले आहेत. चौघांच्याही वेबसाइट फुकट आहेत आणि जाहिराती सोसल्या तर फोनवरही नीट चालतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकच कोश ठेवायचा असेल तर लाँगमन ठेवा. इंग्रजीत लिहायचं काम असेल तर ऑक्सफर्ड शेजारी उघडा ठेवा. कुठल्या गोष्टीबद्दल हे क्रियापद वापरतात असा प्रश्न पडला तर कोबिल्ड. केंब्रिज घाईच्या वेळचा. बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशांवर आणि ॲपवर या कामासाठी विसंबू नका. तसं का, ते आधी पाहू, कारण तिथेच मराठी माणूस ठेचकाळतो.

‘टेक ऑफ’चा पहिला अर्थ इंग्रजी-मराठी कोश देतात तो ‘काढणे’. बरोबर आहे. चप्पल काढणं, चष्मा काढणं, बरणीचं झाकण काढणं, या सगळ्याला ‘टेक ऑफ’ चालतं. पण आपलं ‘काढणं’ फार ऐसपैस आहे. ‘चष्मा काढ’ म्हटलं तर डोळ्यांवरचा उतरव असाही अर्थ होतो आणि डबीतला बाहेर घे असाही. ‘कपडे काढ’ हे कपाटासमोर उभ्या माणसाला सांगितलं तर एक, आणि भिजून आलेल्या पोराला सांगितलं तर दुसरं. मराठीला संदर्भ पुरतो. इंग्रजीला पुरत नाही, ती तिथे दोन दारं करते. वस्तू कशाच्या तरी वर, अंगावर, पृष्ठभागावर असेल तर ‘ऑफ’. आत असेल तर ‘आउट’. बरणीचं झाकण काढलं तर ‘टेक द लिड ऑफ’, बरणीतलं लोणचं काढलं तर ‘टेक द पिकल आउट’. बोटातली अंगठी मराठीत ‘बोटातली’ असली तरी इंग्रजीत ती बोटावर असते, म्हणून ‘टेक ऑफ’. दाताच्या डॉक्टरांनी दात काढला तर ‘टेक आउट’. (आपण हसताना दात काढतो, तिथे दोन्ही चालत नाहीत.)

हाच नियम धरून पुढे गेलं की आणखी काही कोडी सुटतात. बँकेतून पैसे काढणं ‘आउट’, कर्ज काढणं ‘आउट’, कुणावर राग काढणं हेही ‘टेक इट आउट ऑन’. हे सगळं कुठून तरी बाहेर येतं. फोटो काढणं मात्र नुसतं ‘टेक’, त्याला शेपूट लागत नाही. आणि चित्र काढण्याशी ‘टेक’चा काही संबंधच नाही.

इतकं असूनही ‘काढणं’ आणि ‘टेक ऑफ’ यांची काही ठिकाणी अशी गाठ पडते की गंमत वाटावी. आपण रजा काढतो, इंग्रजीत ‘टेक टाइम ऑफ’. चोर पळ काढतो, इंग्रजीत ‘ही टुक ऑफ’. आणि मराठीत ‘काढता पाय घेतला’ म्हणतात त्यात तर काढणंही आहे आणि घेणंही. हे मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे, कारण ‘टुक ऑफ’चा हा ‘सटकला’ अर्थ पुस्तकी इंग्रजी शिकलेल्यांच्या हातून हमखास निसटतो. कथा-कादंबरी वाचताना ‘ही टुक ऑफ’ दिसलं की विमान आठवतं आणि वाक्य लागत नाही.

घरच्या इंग्रजीत आपल्याकडे ‘टेक ऑफ’ऐवजी सरसकट ‘रिमूव्ह’ वापरतात. ‘रिमूव्ह युअर चप्पल्स’. चूक नाही, पण ती पाटीची भाषा आहे. देवळाबाहेर, दवाखान्याबाहेर पाटीवर ‘रिमूव्ह फुटवेअर’ शोभतं. घरी आलेल्या पाहुण्याला कुणी ‘पादत्राणे काढावीत’ म्हणत नाही, तसंच ते आहे. चारही कोश ‘टेक ऑफ’चा अर्थ देताना ‘रिमूव्ह’ हाच शब्द वापरतात, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच वजनाचे आहेत असा समज होतो. हा फरक व्याख्येतून कळत नाही, उदाहरणांतून कळतो. म्हणून व्याख्या वाचून कोश मिटू नका.

आता कोशांकडे.

लाँगमनचा विद्यार्थी-कोश १९७८ साली पहिल्यांदा निघाला. त्याची मुख्य करामत ही की सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहायच्या असा नेम त्यांनी घालून घेतला. ‘टेक ऑफ’ची व्याख्या समजून घ्यायला आणखी तीन शब्द शोधावे लागत नाहीत. दुसरी सोय म्हणजे प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एक छोटी पाटी असते: काढणं, विमान, यश, निघून जाणं, सुट्टी, नक्कल. शोधणारा माणूस व्याख्या वाचतच नाही, आधी पाट्या वाचतो आणि आपल्या वाक्याला जी लागू पडते तिथे थांबतो. ज्या क्रियापदाला सात-आठ अर्थ आहेत त्याला याहून बरी मांडणी नाही. तिसरी सोय कानांसाठी आहे. नुसत्या शब्दाचाच नाही, तर उदाहरणाच्या अख्ख्या वाक्याचा उच्चारही ऐकता येतो. ‘टेक ऑफ’साठी ही चैन नाही, गरज आहे.

कारण उच्चारात दोन खाचखळगे आहेत. पहिला जोराचा. क्रियापद म्हणून बोलताना जोर ‘ऑफ’वर पडतो. नाम म्हणून, म्हणजे विमानाचं उड्डाण या अर्थी, जोर ‘टेक’वर जातो. मराठी बोलताना आपण ‘टेकऑफ’ सपाट म्हणतो आणि तीच सवय इंग्रजीत जाते. दुसरा खळगा शब्द जोडून बोलण्याचा: ‘टेक इट ऑफ’ हे बोलताना ‘टेकिटॉफ’ असं एका दमात येतं. सिनेमात किंवा फोनवर हे ऐकलं की तीन शब्द वेगळे लागत नाहीत. लाँगमनवर वाक्य चार-पाच वेळा ऐका, कान बसतो.

‘ऑफ’च्या स्पेलिंगचा घोळही उच्चारातूनच येतो. मराठीत आपण एक एफवालं आणि दोन एफवालं, दोन्ही ‘ऑफ’ असंच लिहितो. ‘बँक ऑफ’ आणि ‘टेक ऑफ’ देवनागरीत जुळी भावंडं. इंग्रजीत एक एफवाल्याच्या शेवटी ‘व्ह’चा आवाज आहे. तो कानाला कळला नाही की परीक्षेच्या पेपरात ‘टेक’पुढे एकच एफ पडतो आणि गुण जातो. यावर उपाय एकच: दोन्ही शब्द कोशात शोधून एकापाठोपाठ ऐकायचे.

ऑक्सफर्डचा कोश वयानं सगळ्यांत थोरला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथे १९४२ साली तो आधी निघाला आणि ऑक्सफर्डनं १९४८ साली आपल्या नावानं छापला. दहावी आवृत्ती २०२० ची. ‘टेक ऑफ’साठी त्याची खरी ताकद एका चिमुकल्या खुणेत आहे. कर्माच्या जागी ‘समथिंग’ आणि त्यापुढे दोन्ही टोकांना बाण असलेली आडवी रेघ. ही खूण सांगते की कर्म ‘ऑफ’च्या आधीही येतं आणि नंतरही. ‘टेक युअर शूज ऑफ’ आणि ‘टेक ऑफ युअर शूज’, दोन्ही चालतात. लाँगमनमध्येही हा बाण आहे, पण ऑक्सफर्डमध्ये ज्या अर्थाला बाण लागत नाही तिथे तो दिसत नाही हे जास्त ठसठशीतपणे नजरेत भरतं.

या बाणाची जागा समजली की निम्म्या चुका जागच्या जागी थांबतात. सर्वनाम आलं की ते मधेच बसलं पाहिजे. ‘टेक देम ऑफ’ बरोबर, ‘टेक ऑफ देम’ चूक, आणि ही चूक कानाला फार खटकते. कर्म लांबलचक असेल तर ते मागे ढकलायचं: ‘टेक ऑफ द शूज यू बॉट इन कोल्हापूर’. मधे एवढं वाक्य कोंबून शेवटी ‘ऑफ’ लटकवला तर ऐकणारा त्याची वाट पाहत बसतो. आणि ‘टेक युअर हँड ऑफ द टेबल’ हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे ‘ऑफ’ टेबलाला बांधलेला आहे, क्रियापदाला नाही, त्यामुळे तो हलत नाही. ‘टेक ऑफ द टेबल युअर हँड’ असं कुणी लिहीत नाही, पण ‘टेक ऑफ द गॅस द पॅन’ असं मात्र पाककृतींच्या भाषांतरात लिहिलेलं सापडतं. कढई गॅसवरून उतरवा, याला ‘टेक द पॅन ऑफ द हीट’. गॅस बंद करा, याला ‘टर्न ऑफ’. ‘टेक ऑफ द गॅस’ असं लिहिलंत तर वाचणारा शेगडी काढून ठेवायच्या तयारीला लागेल.

ऑक्सफर्डच्या आणखी दोन बारीक सोयी. काढण्याच्या अर्थापुढे उलट अर्थ म्हणून ‘पुट ऑन’ आणि विमानाच्या अर्थापुढे ‘लँड’ दिलेला असतो. म्हणजे एकाच क्रियापदाला दोन वेगळे विरुद्धार्थी. आणि ‘संबंधित नाम’ म्हणून ‘टेक-ऑफ’कडे बोट दाखवलेलं असतं. क्रियापद लिहिताना दोन शब्द सुटे, नाम लिहिताना ब्रिटिश पद्धतीत मधे आडवी रेघ आणि अमेरिकेत एकसंध. या एवढ्याशा गोष्टीवर अहवाल आणि बातम्यांमध्ये रोज माती होते.

मराठी वृत्तपत्रांनी तर हे नाम उचलून त्याचं वेगळंच क्रियापद केलं: ‘विमानानं टेकऑफ घेतलं’. मराठीत खपून जातं. पण तेच उलटं इंग्रजीत नेलं की ‘द प्लेन टुक अ टेक-ऑफ’ होतं, आणि तिथे एक ‘टेक’ जास्तीचा. ‘द प्लेन टुक ऑफ’ एवढंच पुरे.

विमानाच्या अर्थात कर्मच नसतं, हा मुद्दा कोबिल्ड सगळ्यांत स्वच्छ सांगतो. हा कोश जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झाला आणि १९८७ साली निघाला. प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा प्रचंड साठा संगणकावर घेऊन त्यावरून अर्थ ठरवायचे, ही तेव्हाची नवी रीत. पण विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट दुसरी आहे. तिथली व्याख्या सुटा तुकडा नसते, पूर्ण वाक्य असतं. एखादं विमान जेव्हा असं करतं, तेव्हा ते जमीन सोडून उडू लागतं. एखादं उत्पादन, एखादा उपक्रम किंवा कुणाचं करिअर जेव्हा असं करतं, तेव्हा त्याला एकाएकी यश मिळतं. या घाटाची वाक्यं. व्याख्येतच कर्ता बसवलेला आहे आणि तोच वाचायचा असतो.

कर्ता वाचला नाही तर काय होतं पाहा. ‘पायलटनं विमान उडवलं’ याचं ‘द पायलट टुक ऑफ द प्लेन’ केलं की चुकलं. पायलट ‘टुक ऑफ’ करू शकतो, विमान ‘टुक ऑफ’ करू शकतं, पण पायलट विमानाला ‘टेक ऑफ’ करवत नाही. कर्मणी प्रयोग केला तर आणखी पंचाईत. ‘द फ्लाइट वॉज टेकन ऑफ’ हे व्याकरणात बसतं, पण अर्थ होतो की ती सेवाच बंद केली. रेल्वेची गाडी वेळापत्रकातून काढली, नाटकाचे प्रयोग थांबवले, हॉटेलच्या मेन्यूतून पदार्थ काढला, यांना हाच अर्थ लागतो. मराठीतही सिनेमा थिएटरला लागतो आणि तिथून उतरतो. हा ‘उतरतो’ म्हणजे ‘टेकन ऑफ’.

यशाच्या अर्थातही सगळी मदार कर्त्यावर. ‘हिज करिअर टुक ऑफ’ म्हणजे त्याची गाडी सुसाट सुटली. ‘ही टुक ऑफ’ म्हणजे तो पळाला. मधला एक शब्द गाळला आणि यशस्वी माणूस फरारी झाला. मराठीत याला नेमका शब्द सापडत नाही. ‘जम बसला’ हे संथ आहे. जम बसायला वर्षं जातात. ‘जोर धरला’ जवळ जातं, पण जोर पाऊसही धरतो आणि पावसाला ‘टेक ऑफ’ म्हणत नाहीत. एकाएकी, आणि आधी जमिनीवर असलेलं काहीतरी वर जाणं, या दोन्ही छटा हव्यात. अर्थशास्त्रात डब्ल्यू. डब्ल्यू. रॉस्टो यांनी १९५६ च्या लेखात आणि पुढे १९६० च्या पुस्तकात देशाच्या विकासाच्या एका टप्प्याला हेच नाव दिलं आणि मराठीत तो ‘उड्डाणावस्था’ झाला. तिथे तो शोभतो. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याच्या धंद्याला उड्डाणावस्था म्हटलं तर तोही हसेल.

कोबिल्डचा तोटाही याच गुणातून येतो. व्याख्या लांब असतात, फोनच्या पडद्यावर बरंच सरकवावं लागतं, आणि कॉलिन्सच्या साइटवर विद्यार्थी-कोशाच्या खाली मोठ्या कोशातला, अमेरिकन कोशातला मजकूरही एकाच पानावर येतो. नवख्यानं सगळ्यात वरचा कोबिल्डचा भाग वाचून थांबावं. खाली उतरत गेलं की अर्थांची संख्या वाढते आणि डोक्यातला गोंधळही.

केंब्रिजबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. साइट झटपट उघडते, अर्थ सुटसुटीत, कंसातल्या एका शब्दानं अर्थ ओळखायची सोय आहे, आणि अर्थांना भाषा शिकण्याच्या युरोपीय पातळ्यांप्रमाणे ए-१ (सगळ्यांत सोपी) ते सी-२ (सगळ्यांत अवघड) अशा खुणा लावलेल्या असतात. एकाच ‘टेक ऑफ’चे वेगवेगळे अर्थ वेगवेगळ्या पातळीवर येतात हे शिकवणाऱ्याला फार उपयोगी. पाचवीच्या वर्गात नक्कल हा अर्थ कशाला घ्यायचा? इंग्रजी-मराठी विभागही आहे, पण तो मूलभूत शब्दांपुरताच समजून वापरा.

सुट्टीच्या अर्थाकडे परत यायला हवं, कारण तिथे आपलं भारतीय इंग्रजी आड येतं. ‘उद्या मी ऑफ घेतोय’, ‘गुरुवारी माझा वीकली ऑफ’ हे कारखान्यात, दुकानात, आयटी कंपनीत सगळीकडे बोललं जातं. मराठीत ‘ऑफ’ हे नाम होऊन बसलं आहे. तेच वाक्य साहेबाला इंग्रजीत ईमेलनं पाठवताना ‘आय ॲम टेकिंग ऑफ टुमॉरो’ असं उतरतं. परदेशातला साहेब बहुधा वाचेल की हा उद्या कुठेतरी निघाला आहे. बरोबर क्रम ‘आय ॲम टेकिंग टुमॉरो ऑफ’. या अर्थात दिवस, आठवडा, वेळ जे काही असेल ते मधे बसवायची सवय लावा: ‘टेक अ डे ऑफ’, ‘टेक टू वीक्स ऑफ’. लाँगमननं सुट्टीला वेगळी पाटी दिली आहे ती म्हणूनच मोलाची. बाकीच्यांत हा अर्थ शोधावा लागतो.

पैशाचा अर्थ सोपा. बिलातून पन्नास रुपये कमी केले तर ‘टुक फिफ्टी रुपीज ऑफ द बिल’. ‘ऑफ’नंतर ‘फ्रॉम’ लावायचा नाही. दाढी केल्यावर माणूस दहा वर्षांनी तरुण दिसू लागला तर ती दाढी ‘टेक्स टेन इयर्स ऑफ हिम’, हाही वजाबाकीचाच भाऊबंद.

राहिला नक्कल करण्याचा अर्थ, आणि हाच सगळ्यांत जुन्या नोंदींपैकी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की इंग्रजी क्रियापदांना शेपूट लागून अर्थ बदलतात आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच होतो. तिथे त्यांनी जी उदाहरणं दिली त्यात ‘टेक ऑफ’ आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे तो विमानाचा नाही, उघडच आहे, चपलेचाही नाही. दिला आहे ‘कॉपी करणे’. आज हा अर्थ ब्रिटनमध्ये बोलण्यात टिकून आहे आणि ऑक्सफर्ड, लाँगमन दोघंही त्यावर ‘ब्रिटिश, अनौपचारिक’ असा शिक्का मारतात. अमेरिकन माणसापुढे वापरलात तर त्याला कळेलच असं नाही.

मराठी वाचकाला मात्र हा अर्थ परका वाटू नये. आपलं ‘उतरवणं’ नेमकं याच वाटेनं जातं. टोपी उतरवतात, दागिने उतरवतात, कढई उतरवतात, आणि फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवतात. एखादा नकलाकार पुढाऱ्याची लकब हुबेहूब उतरवतो. ‘काढणं’ जिथे कमी पडतं तिथे ‘उतरवणं’ धावून येतं, आणि इंग्रजी-मराठी कोशात ‘टेक ऑफ’समोर हा शब्द असायला हवा होता. फक्त एके ठिकाणी तो उलटा फिरतो. विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा ते उतरत नाही, चढतं.

इंग्रजी-मराठी कोशांची अडचण इथेच उघडी पडते. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हापासून प्रथा एका शब्दासमोर मराठी शब्दांची रांग उभी करायची. त्या काळच्या मानानं ते काम अफाट होतं. पण आजच्या स्वस्त कोशांनी आणि ॲपनी रांग तेवढी घेतली. ‘काढणे, उडणे, निघणे, नक्कल करणे’ असं स्वल्पविराम देऊन छापलं की वाचणाऱ्यानं कुठला कुठे लावायचा? कर्म कुठे बसतं, कर्ता कोण चालतो, शब्द बैठकीतला की ओसरीवरचा, यातलं काही त्या रांगेत मावत नाही. अशा कोशाचा उपयोग एकच: अर्थ आधी माहीत आहे, मराठी शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही, तेव्हा.

यंत्र-अनुवादकाला पारखायचं असेल तर पुढची पाच वाक्यं टाकून पाहा. ‘शी टेक्स हर बॉस ऑफ परफेक्टली.’ ‘दे टुक द प्ले ऑफ आफ्टर थ्री वीक्स.’ ‘आय टुक फ्रायडे ऑफ.’ ‘ही टुक ऑफ विदाउट पेइंग.’ ‘शी टुक फिफ्टी रुपीज ऑफ द बिल.’ अपेक्षित मराठी असं: ती साहेबाची नक्कल अगदी हुबेहूब करते, तीन आठवड्यांनी त्यांनी नाटक उतरवलं, मी शुक्रवारी रजा काढली, तो पैसे न देताच सटकला, तिनं बिलातले पन्नास रुपये कमी केले. तिसरं आणि पाचवं सहसा निभावतं, कारण दिवस आणि रक्कम शेजारी असतात आणि तेवढी खूण यंत्राला पुरते. पहिल्या दोनांवर डोळा ठेवा. दुसऱ्यात ‘प्ले’ म्हणजे नाटक की खेळ हे आधी ठरावं लागतं. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. आणि आलेलं मराठी पुन्हा इंग्रजीत करून पडताळू नका. चुकलेला अर्थ परतीच्या प्रवासात तसाच सुखरूप परत येतो आणि सगळं बरोबर असल्याचा भास होतो.

वेबसाइटवर सगळं फुकट असताना छापील कोश कशाला, असं विचाराल. मॅकमिलनचं उदाहरण आहे. २००२ साली निघालेला फार उमदा कोश, नेहमीचे साडेसात हजार शब्द लाल शाईत आणि वापराप्रमाणे एक ते तीन चांदण्या. २०१२ साली त्यांनी छपाई थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२३ साली वेबसाइटही बंद झाली. ज्यांनी छापील प्रत ठेवली त्यांच्याकडे तो कोश आहे.

जुनी प्रत पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर पाहताना ‘टेक’चं पान उघडा. क्रियापदाचे साधे अर्थ संपल्यावर, नोंदीच्या अगदी शेवटी ‘टेक ऑफ’सारख्या जोड्यांचा वेगळा गठ्ठा हवा. तो नसेल आणि सगळं एकाच परिच्छेदात असेल तर कोश या कामाचा नाही. गठ्ठा असेल तर दोन टोकांचा बाण स्पष्ट छापलाय का ते बोट ठेवून बघा. चोरट्या छपाईत नेमक्या याच बारीक खुणा पुसट होतात आणि वरचा अर्थ खालच्यात मिसळतो. दहा-पंधरा वर्षं जुनी आवृत्ती बिनदिक्कत घ्या, तेवढ्या काळात ‘टेक ऑफ’चं काही बिघडलेलं नाही. कोशाच्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या खिशातल्या सीडीसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. ती आजच्या संगणकावर बहुधा चालतच नाही.